राणीखेत (मानमोडी): लसीचा विषाणू आणि फील्डचा विषाणू यांतला जनुकीय फरक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राणीखेत हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग. फील्डचा विषाणू म्हणजे शेडांत आणि गावांत प्रत्यक्ष रोग पसरवणारा विषाणू. परभणी, लातूर, बीड, धाराशिव, नांदेड या पट्ट्यातले ब्रॉयलर आणि गावरान कोंबडीपालक, पशुधन पर्यवेक्षक आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की साधारण हेच प्रश्न विचारतात. काहींची उत्तरं लांब आहेत, कारण तिथेच चुका होतात आणि तिथेच शेड रिकामं होतं.

लासोटा ही राणीखेतची जिवंत लस वेळेवर दिली, तरी मर लागली. विषाणू बदलला म्हणून लस चालली नाही का?

विषाणू बदललेला आहे हे खरं. पण तेवढ्यानं चांगली लस टोचलेला कळप मरत नाही. राणीखेतच्या सगळ्या विषाणूंचा सीरोटाइप एकच आहे. म्हणजे लासोटानं तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आजच्या फील्ड विषाणूलाही ओळखतात आणि पक्ष्याला मरण्यापासून वाचवतात. जनुकीय अंतराचा फटका दुसरीकडे बसतो. लस घेतलेला पक्षी वरून ठणठणीत दिसतो, पण फील्डचा विषाणू त्याच्या घशात आणि विष्ठेत वाढत राहतो आणि बाहेर पडत राहतो. अशा कळपातून शेजारच्या खुराड्यात रोग जातो आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

म्हणून मरतुक वीस-तीस टक्क्यांवर गेली असेल तर आधी लस पक्ष्याच्या पोटात जिवंत पोचली का ते तपासा. विषाणूच्या बदलाकडे त्यानंतर वळा. आमच्या मते हा क्रम उलटा केल्यामुळेच बहुतेक वेळा खरं कारण हाती लागत नाही.

दोन्ही विषाणू एकच आहेत की वेगवेगळे?

जात एकच. राणीखेतचा विषाणू आरएनए विषाणू आहे. एकेरी, ऋण दिशेचा धागा, लांबी साधारण १५,२०० बेस (जनुकीय अक्षरं), त्यावर सहा जनुकं: एनपी, पी, एम, एफ, एचएन आणि एल. लसीत आणि फील्डमध्ये हीच सहा जनुकं याच क्रमानं असतात. फरक अक्षरांचा आहे, आणि थोडा लांबीचाही.

लासोटा, बी१, एफ (हे लसीचं नाव, जनुकाचं नाही) आणि आर२बी या लसींचा जीनोम, म्हणजे अख्खा धागा, १५,१८६ बेसचा. आज भारतात कोंबड्यांत फिरणाऱ्या फील्ड गटांचा १५,१९२ बेसचा. हे जास्तीचे सहा बेस एनपी जनुकाच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात आहेत. सहाच का, तर या विषाणूच्या जीनोमची लांबी सहाच्या पटीतच असावी लागते, नाहीतर त्याच्या प्रती नीट निघत नाहीत. या सहा बेसमुळे विषाणू घातक होत नाही. पण नवा गट आणि जुना गट वेगळा करायला ही खूण चांगली उपयोगी पडते.

घातकपणा ठरवणारा फरक नेमका कुठे आहे?

एफ प्रथिनात, ११२ ते ११७ या सहा अमिनो आम्लांच्या जागेवर. अहवालात ही जागा इंग्रजी अक्षरांत छापलेली असते. तिथे असं वाचायला मिळेल:

लासोटा आणि बी१: जी-आर-क्यू-जी-आर-एल, म्हणजे ग्लायसिन, आर्जिनिन, ग्लुटामिन, ग्लायसिन, आर्जिनिन, ल्युसिन.

घातक फील्ड विषाणू: आर-आर-क्यू-आर-आर-एफ किंवा आर-आर-क्यू-के-आर-एफ, म्हणजे आर्जिनिन, आर्जिनिन, ग्लुटामिन, आर्जिनिन किंवा लायसिन, आर्जिनिन, फेनिलअॅलनिन.

एफ प्रथिन ५५३ अमिनो आम्लांचं अखंड बनतं आणि त्या अवस्थेत निकामी असतं. ११६ आणि ११७ यांच्या मधोमध (हीच कापजागा) ते कापलं गेलं तरच विषाणू पुढच्या पेशीत शिरू शकतो. खाद्याच्या पोत्याची शिवण बरोबर दोरा ओढला की सर्रकन उसवते आणि तो दोरा हाती लागला नाही तर विळा शोधावा लागतो, तसा हा मामला आहे. लासोटाची शिवण कापायला लागणारं ट्रिप्सिनसारखं विकर (एन्झाइम) फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात मिळतं, म्हणून लासोटा तिथेच थोडी वाढते आणि थांबते. आर्जिनिन-लायसिन लागोपाठ असलेली शिवण फ्युरिन नावाच्या विकरानं उसवते, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं. म्हणून फील्डचा विषाणू मेंदू, प्लीहा, बीजांड असा सगळीकडे पोचतो. वाकडी मान, लुळे पंख, हिरवी हगवण आणि जठराच्या ग्रंथींवर रक्ताचे ठिपके ही लक्षणं त्यातूनच येतात.

जागतिक पशुआरोग्य संघटनेची व्याख्या याच जागेवर बेतलेली आहे: ११३ ते ११६ मध्ये किमान तीन आर्जिनिन किंवा लायसिन आणि ११७ वर फेनिलअॅलनिन असेल, किंवा एक दिवसाच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून काढलेला आयसीपीआय ०.७ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो विषाणू घातक धरायचा. आयसीपीआय काढताना दहा पिल्लं आठ दिवस पाहतात. निरोगी ०, आजारी १, मेलेलं २ असे गुण देऊन सरासरी काढतात. सगळ्यात घातक विषाणू २.० च्या जवळ जातो.

घातकपणात बाकीच्या जनुकांचाही वाटा असतो, एचएन आणि एलचा विशेष. पण अहवाल वाचताना नजर आधी ११२ ते ११७ वर टाका.

आर२बी लसीची कापजागा फील्ड विषाणूसारखीच दिसते. मग ओळखायचं कसं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

आर२बी, म्हणजे मुक्तेश्वर स्ट्रेन, १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या संस्थेत हॅडो आणि इदनानी यांनी भारतीय फील्ड विषाणू कोंबडीच्या अंड्यांतून पुन्हा पुन्हा काढून सौम्य केला. तो मेसोजेनिक, म्हणजे मध्यम तीव्रतेचा आहे. त्याची कापजागा आर-आर-क्यू-आर-आर-एफ आहे. हुबेहूब फील्डसारखी. त्याचा आयसीपीआयही ०.७ च्या वरच भरतो.

याचा सरळ अर्थ असा: तलंगांना आर२बी टोचून आठवडा झाला असताना स्वॅब पाठवलात, तर कापजागेवर बेतलेली पीसीआर ‘घातक विषाणू’ असाच निकाल देईल. निकाल खोटा नाही, पण तो तुमच्या लसीचा विषाणू असू शकतो. अशा वेळी कापजागेवर थांबायचं नाही. पूर्ण एफ जनुक, १,६६२ बेस, क्रमवाचनाला, म्हणजे अक्षरं क्रमानं वाचायला, द्यायचं. आर२बी जनुकीय गट ३ मध्ये बसतो. आपल्याकडचा फील्ड विषाणू बहुधा गट १३ मध्ये, काही वेळा गट ७ मध्ये बसतो. पूर्ण एफवर हे अंतर लख्ख दिसतं.

दुसरी गोष्ट. आर२बी सहा ते आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना आणि अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना टोचू नका. लहान पिल्लं पायांतून जातात, माना वाकड्या होतात. अंड्यावरच्या कोंबडीचं उत्पादन खाली येतं. या तक्रारीही कित्येकदा ‘नवा स्ट्रेन आला’ म्हणून येतात.

गट १३, गट ७ ही काय भानगड आहे?

राणीखेतच्या विषाणूंचे दोन वर्ग आहेत. वर्ग एकमध्ये बहुतेक सौम्य, रानपक्ष्यांतले विषाणू येतात. वर्ग दोनमध्ये आपल्याशी संबंधित सगळे. वर्ग दोनचे २०१९ च्या सर्वमान्य वर्गीकरणानुसार किमान वीस जनुकीय गट आहेत. पूर्ण एफ जनुकात दोन समूहांमध्ये सरासरी दहा टक्के किंवा जास्त फरक असेल तर वेगळा गट, पाच टक्क्यांच्या वर असेल तर उपगट, असा साधारण नियम आहे.

आपल्याला लागणारी नावं एवढीच: लासोटा, बी१ आणि एफ या लसी गट २. आर२बी गट ३. उष्णता सोसणाऱ्या व्ही४ आणि आय-२ लसी गट १. भारतातल्या कोंबड्यांत मुख्यतः १३.२, शिवाय ७.२. कबुतरांत गट ६ वगैरे. जुन्या लेखांत ‘७आय’ लिहिलेलं दिसलं तर ते आताचं ७.२ समजा.

‘लासोटाशी ९९.६ टक्के जुळणी’ असा निकाल आला. म्हणजे फील्डमध्ये लासोटासारखा विषाणू फिरतोय का?

नाही. तो लसीचाच विषाणू आहे, किंवा प्रयोगशाळेतली भेसळ.

कारण साधं आहे. फील्डमध्ये फिरणारा राणीखेतचा विषाणू वर्षाला दर हजार बेसमागे साधारण एक बेस बदलतो. एफ जनुक १,६६२ बेसचं, म्हणजे वर्षाला एक-दोन बदल. लासोटा १९४६ साली न्यू जर्सीत सापडली. तेव्हापासून ती पक्ष्यांत फिरत राहिली असती तर आज निदान शंभरेक ठिकाणी वेगळी दिसली असती. ती वेगळी दिसत नाही, म्हणजे ती शीतपेटीतून थेट तुमच्या पक्ष्यात आली. खरा फील्ड विषाणू लासोटाशी एफ जनुकात ऐंशीच्या घरातच जुळतो.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. नमुन्यात लसीचा आणि फील्डचा असे दोन्ही विषाणू असले तर सँगर क्रमवाचनात (नेहमीच्या क्रमवाचन पद्धतीत) ज्याची संख्या जास्त तो उमटतो. माना वाकड्या, मरतूक चढती आणि अहवालात फक्त लासोटा, अशी विसंगती दिसली तर प्रयोगशाळेला मूळ आलेख पाहायला सांगा. एकाच जागी दोन शिखरं दिसत असतील तर मिश्रण आहे. श्वासनलिकेऐवजी मेंदूचा नमुना पुन्हा पाठवा. लासोटा मेंदूत सापडायची शक्यता फार कमी, फील्डचा विषाणू तिथे सापडतो.

अहवालात नुसतं ‘एनडीव्ही पॉझिटिव्ह’ (एनडीव्ही म्हणजे राणीखेतचा विषाणू) लिहिलंय. त्याचा अर्थ काय धरायचा?

जवळपास काहीच नाही, जोवर कोणत्या जनुकावर चाचणी केली ते लिहिलेलं नाही. छाननीची पीसीआर बहुधा एम जनुकावर असते. एम जनुकाची चाचणी लसीचा आणि फील्डचा असा भेद करत नाही. जिवंत लस दिल्यावर साधारण दोन आठवडे कळप या चाचणीत पॉझिटिव्ह येणं अपेक्षितच आहे.

नमुन्यासोबतच्या पत्रात म्हणून या गोष्टी लिहाच: पक्ष्यांचं वय, कोणती लस, कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गानं, कुपीचा बॅच क्रमांक, मरतूक सुरू झाल्याची तारीख आणि रोजचा आकडा. बॅच क्रमांकासाठी रिकाम्या कुप्यांची लेबलं वहीत चिकटवून ठेवायची सवय लावा.

क्रमवाचनाचा अहवाल कोणत्या क्रमानं वाचावा?

पहिल्यांदा लांबी पाहा. ३७४ बेसचा छोटा तुकडा असेल तर त्यावरून कापजागा कळते, गटाचा अंदाज बांधता येतो, पण उपगट ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी पूर्ण एफ लागतं.

मग ११२ ते ११७. जी-आर-क्यू-जी-आर-एल असेल तर सौम्य, बहुधा लस. आर-आर-क्यू-आर-आर-एफ किंवा आर-आर-क्यू-के-आर-एफ असेल तर आर२बीचा प्रश्न आधी निकालात काढा.

त्यानंतर वंशवृक्ष. त्यात लासोटा, आर२बी, गट १३.२, गट ७.२ आणि कबुतरांचा गट ६ यांचे संदर्भक्रम असायलाच हवेत. ब्लास्टमधली (क्रम जुळवून पाहण्याच्या संगणकीय शोधातली) सगळ्यात वरची जुळणी उचलून ‘अमुक देशातून आला’ असं लिहिणं चूक आहे. ज्या देशातून क्रम जास्त जमा झालेत त्याचं नाव वर येतं, एवढंच.

शेवटी प्रतिपिंडं जिथे चिकटतात त्या जागा: एफ प्रथिनात ७२, ७४, ७५, ७८, ७९, १५७ ते १७१ आणि ३४३; एचएनमध्ये ३४५ ते ३५३ चा पट्टा. इथे लसीपेक्षा वेगळी अमिनो आम्लं असतील तर नोंद घ्या. पण एका बदलावरून ‘लस निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढू नका. त्यासाठी लस दिलेल्या पक्ष्यांना तोच विषाणू देऊन पाहावं लागतं. एचएनची लांबीही पाहायला हरकत नाही: लासोटाची ५७७ अमिनो आम्लं, घातक फील्ड विषाणूंची बहुधा ५७१.

नमुना कसा घ्यायचा, कुठे द्यायचा?

नुकतेच आजारी पडलेले किंवा दोन-तीन तासांत मेलेले पाच पक्षी निवडा. आठवडाभर मान वाकडी करून बसलेल्या पक्ष्यात विषाणू बहुधा राहिलेला नसतो. उन्हाळ्यात सकाळी मेलेला पक्षी दुपारपर्यंत शेडबाहेर पडला की आतडं फुगतं आणि आरएनए तुटतं. तो नमुना बाद.

जिवंत पक्ष्याचा घशातला आणि गुदद्वारातला स्वॅब वेगवेगळा घ्या. काडी प्लास्टिकची, टोक पॉलिएस्टरचं. लाकडी काडीचा कापूस पीसीआर बिघडवतो. घशाचे पाच एकत्र, गुदद्वाराचे पाच एकत्र चालतील, पण दोन्ही एका नळीत नकोत. नळीत विषाणू वाहक द्रव असावा, काडी त्यात बुडालेली असावी. मेलेल्या पक्ष्याचे डॉक्टरांनी काढलेले मेंदू, श्वासनलिका, प्लीहा आणि सीकल टॉन्सिल (आतड्यातल्या गाठी) वेगळ्या डब्यांत. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात नको. फॉर्मॅलिनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला चालतो, विषाणू वाढवायला नाही.

थर्मोकोल पेटीत जेल पॅक, नमुना २ ते ८ अंशांवर. असा नमुना चार दिवस टिकतो. घरच्या फ्रीजच्या बर्फकप्प्यात ठेवून, वितळवून, पुन्हा गोठवून पाठवलेला नमुना मात्र हमखास वाया जातो. शुक्रवारी संध्याकाळी गाडीवर चढवू नका, रविवारभर पेटी कुठेतरी पडून राहते. मे महिन्यात थंड साखळीची खात्री नसेल तर एफटीए कार्डावर (नमुना टिपणाऱ्या खास कागदावर) ठसा घ्या. कार्डावर विषाणू मरतो पण आरएनए टिकतं, त्यामुळे साध्या पाकिटातून पाठवता येतं. अट एवढीच की त्यातून विषाणू वाढवता येत नाही, आयसीपीआय काढता येत नाही.

तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत पाठवणं सर्वांत सोयीचं. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पुण्यात औंधला राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. राणीखेत २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक रोग नियंत्रण कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे कळवणं हे मालकाचं कर्तव्यही आहे.

शेडवरच पक्षी फाडून पाहिला तर?

करू नका. एकदम मोठी मरतूक, तुरे निळे, डोकं सुजलेलं असेल तर तो बर्ड फ्लूही असू शकतो आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करता येत नाही. परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये आणि उदगीरच्या कावळ्यांत जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू निघालेला आहे. खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते. आधी सरकारी डॉक्टरांना बोलवा.

लासोटा उलटून घातक होऊ शकते का?

लासोटाला फील्डसारखी कापजागा मिळवायची तर ११२, ११५ आणि ११७ या तीन ठिकाणी एकाच वेळी बदल व्हावे लागतात. इतक्या वर्षांच्या वापरात लासोटा उलटून साथ आली असं घडलेलं नाही.

ऑस्ट्रेलियातली १९९८ ची साथ मात्र स्थानिक सौम्य विषाणूपासूनच उद्भवली होती. तो लसीचा विषाणू नव्हता. त्याच्या कापजागेत आधीपासून एक आर्जिनिन जास्त होता आणि उरलेलं अंतर दोनच बदलांचं होतं. अंतर किती पायऱ्यांचं आहे त्यावर धोका ठरतो, तो असा.

मग फील्डच्याच गटाची लस का देत नाहीत?

तयार करता येते. १९९९ पासून रिव्हर्स जेनेटिक्सनं राणीखेतचा विषाणू डीएनएवरून पुन्हा उभा करता येतो. फील्डचा विषाणू घ्यायचा, त्याची कापजागा लासोटासारखी करायची, बाकी एफ आणि एचएन तसंच ठेवायचं. चीनमध्ये गट ७ ची अशी लस वापरात आहे. प्रयोगांत गट जुळणाऱ्या लसीनं पक्षी वाचण्याचं प्रमाण लासोटाइतकंच राहिलं, पण विषाणू बाहेर पडणं स्पष्ट कमी झालं. दाट वस्तीच्या भागात हा फायदा मोठा आहे, आणि भारतातल्या गट १३ साठी अशी लस सर्रास मिळायला हवी असं आमचं मत आहे. पण लासोटाच नीट पोचत नाही अशा शेडवर महागडी लसही तशीच वाया जाईल.

एचव्हीटी-एनडी लस दिलेल्या पक्ष्यांचा एचआय टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) शून्य आला. लस खोटी होती का?

नाही. त्या लसीत टर्कीच्या हर्पिस विषाणूमध्ये राणीखेतचं फक्त एफ जनुक बसवलेलं असतं. एचआय चाचणी एचएन विरुद्धची प्रतिपिंडं मोजते. जे दिलंच नाही ते दिसणार कसं? उलट हे कामाचं आहे: फक्त ही लस दिलेल्या कळपात एचआय टायटर चढला तर दुसरा राणीखेत विषाणू आत आला, एवढं नक्की. तो शेजारची जिवंत लस असू शकतो किंवा फील्डचा. ते क्रमवाचनच सांगेल.

टायटर किती असावा?

चार एचए एककांच्या (विषाणूच्या ठराविक मात्रेच्या) चाचणीत १:१६ आणि वर म्हणजे पॉझिटिव्ह. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकसारखेपणा. वीस पक्ष्यांचं रक्त घ्या, पंखाच्या शिरेतून एक-दोन मि.ली. निदान ८५ टक्के पक्ष्यांत टायटर दिसला तर कळपात साथ पसरायला वाव राहत नाही. सरासरी छान पण चार पक्षी शून्यावर, असा कळप कच्चाच समजा.

प्रयोगशाळा बहुधा लासोटाचंच अँटिजन (चाचणीसाठीचा विषाणू) वापरते. फील्ड गटाच्या अँटिजनवर तेच सीरम तपासलं तर टायटर काही वेळा कमी भरतो. म्हणून सीमारेषेवरच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका.

लस देताना मराठवाड्यात नेमकं काय चुकतं?

चार गोष्टी, आणि चारही जनुकीय फरकापेक्षा जास्त पक्षी मारतात.

थंड साखळी. तालुक्याहून शेडपर्यंत मोटारसायकलच्या डिकीत, बेचाळीस अंशांत, बर्फाशिवाय आलेली कुपी संपलेली असते. घरच्या फ्रीजला रात्रीचं भारनियमन असेल तर आत थर्मामीटर ठेवा. विरघळवलेली लस बर्फावर ठेवून तासाभरात, फार तर दोन तासांत संपवा.

पाणी. बोअरचं पाणी जड, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. क्लोरीन लस मारतो. लसीच्या दोन दिवस आधीपासून पाण्यात ब्लीचिंग किंवा जंतुनाशक बंद. आदल्या दिवशी त्याच वेळेला पक्षी दोन तासांत किती पाणी पितात ते मोजा, तेवढंच पाणी घ्या. हजार ब्रॉयलरना एकविसाव्या दिवशी साधारण २० लिटर लागतं. त्यात लिटरला अडीच ग्रॅम म्हणजे ५० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच लस. पाणी बंद ठेवायचा काळ हिवाळ्यात दीड-दोन तास, एप्रिल-मे मध्ये अर्धा-पाऊण तास आणि तेही पहाटे. भांडी कमी पडली की दांडगे पक्षी दोन डोस पितात आणि दुबळे कोरडे राहतात.

वय. आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण साडेचार दिवसांत निम्म्यावर येतात. फार लवकर दिलेली लस तीच प्रतिपिंडं खाऊन टाकतात. म्हणून पहिली मात्रा ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, पाण्यातून नाही, आणि बूस्टर १८ ते २१ दिवसांच्या आसपास. अंड्यावरच्या आणि गावरान जातींना त्यानंतर ८ ते १० आठवड्यांना आर२बी अर्धा मि.ली. कातडीखाली. २०० मात्रांची कुपी असेल तर १०० मि.ली. थंड सलाईन.

दबलेली प्रतिकारशक्ती. गंबोरो (कोंबड्यांचा दुसरा विषाणूरोग) येऊन गेला असेल किंवा पावसात भिजलेल्या मक्याचं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) खाद्यात असेल तर कोणत्याही गटाची लस उभी राहत नाही.

गावरान कोंबड्यांचं काय?

आठवडी बाजारात डालग्यात वेगवेगळ्या गावांचे पक्षी एकत्र येतात, विकले न गेलेले परत घरी जातात आणि विषाणूही जातो. बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा बांधा. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ २ ते १५ दिवसांचा आहे. गावात कुपी उघडायची तर शंभर पक्षी एकाच सकाळी गोळा करून उघडा, सूर्य वर यायच्या आत.

धान्य मोंढ्यातल्या कबुतरांपासून धोका आहे का?

आहे. कबुतरांचा गट ६ कोंबडीत सुरुवातीला सौम्य वागतो आणि काही फेऱ्यांनंतर तिखट होतो. त्याच्या काही प्रकारांना नेहमीच्या पीसीआरचे प्रायमर नीट बसत नाहीत, त्यामुळे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. शेडवर आणि खाद्याच्या गोदामावर जाळी लावा. कबुतरं मान फिरवत मरताना दिसली तर नमुना देताना ते आवर्जून सांगा.

माणसाला होतो का?

डोळे येतात, आठवडाभरात बरे होतात. लस फवारणाऱ्यालाही होऊ शकतं. चष्मा वापरा. शिजवलेल्या मांसातून धोका नाही.

मर चालू असताना उरलेल्यांना लासोटा द्यावी का?

शेडमध्ये रोग शिरला असेल तर ज्यांच्यात विषाणू गेलेला आहे त्यांना लस वाचवत नाही, आणि पाच-सात दिवस मरतूक वाढलेलीच दिसते. पण त्याच आवारातल्या, अजून निरोगी असलेल्या दुसऱ्या शेडला लगेच डोळ्यात थेंब द्या, आणि आधी निरोगी शेड, मग आजारी शेड या क्रमानंच माणूस फिरवा. स्वॅब मात्र लस द्यायच्या आधी घ्या. नंतर घेतला तर अहवालात लासोटा येईल आणि खरा विषाणू त्याखाली दडून राहील.